रिकाम्या घरट्याचा हिशेब

सोमवारी घरट्यात तीन पिल्लं होती. शुक्रवारी गेलो तर घरटं रिकामं. बुलबुलाचं घरटं, छातीएवढ्या उंचीवर, काटेरी झुडपात. काड्यांची वाटी जागच्या जागी होती. रक्त नाही, विस्कटलेलं काही नाही. वहीत त्या घरट्यापुढे एकच शब्द लिहायचा असतो. पिल्लं उडाली, की मेली?

विणीच्या हंगामात घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं अर्धं डोकं याच प्रश्नात अडकलेलं असतं. लोकांना हे काम म्हणजे पहाट, दुर्बीण आणि किलबिल वाटतं. तेही असतं, नाही असं नाही. पण बराचसा वेळ जातो तो आपल्या पाठीमागे काय घडलं याचा माग काढण्यात. घरट्यापाशी आपण आठवड्यातून दोनदा जातो, तेही मिनिटभर. उरलेला सगळा वेळ घरटं आपल्याविना असतं, आणि जे व्हायचं ते बहुधा तेव्हाच होतं.

मग सरळ पक्षीच का मोजू नयेत? मोजतातच. पण पक्षी दिसतो आहे म्हणजे त्याचं बरं चाललंय असं नसतं. समुद्रपक्षी, गिधाडं, गरुड ही दीर्घायुषी मंडळी एकही पिल्लू न वाढवता वर्षानुवर्षं त्याच जागी दिसत राहू शकतात. संख्या घसरायला लागते तोवर दुखणं जुनं झालेलं असतं.

बहिरी ससाण्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या घरट्यांत फुटकी अंडी सापडू लागली. डेरेक रॅटक्लिफ हे अभ्यासक १९५०च्या दशकात कड्याकपाऱ्यांतली घरटी तपासत होते. पक्षी आपलीच अंडी फोडतात हे त्यांना दिसत होतं, पण कारण लागत नव्हतं. पुढे त्यांनी जुन्या संग्रहांतली अंडी मिळवली, कवचाचं वजन आणि अंड्याचं आकारमान यांचा मेळ घालून पाहिला आणि १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: १९४७च्या सुमारापासून कवचं पातळ झाली आहेत. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर पसरू लागला तो हाच काळ. पातळ कवच उबवणीत टिकत नव्हतं. यातली मला सगळ्यात गंमतशीर वाटणारी बाब अशी, की तुलनेला जुनी अंडी मिळाली ती छंदापायी घरटी लुटणाऱ्या लोकांच्या लाकडी पेट्यांतून.

आधी घरटं सापडायला हवं

झुडपं हलवत हिंडलं तर घरटी थोडी सापडतात आणि जास्त मोडतात. सरावलेला माणूस एका जागी बसतो आणि पक्ष्यांच्या चोचीकडे बघतो. चोचीत गवताची काडी असेल तर बांधकाम सुरू आहे. अळी असेल आणि पक्षी ती गिळत नसेल तर कुठेतरी पिल्लं आहेत. चोचीत छोटी पांढरी पुडी असेल तरीही पिल्लंच. पिल्लांची विष्ठा पातळ आवरणात बांधलेली बाहेर येते, आणि आईबाप ती उचलून लांब नेऊन टाकतात. चोच रिकामी आहे, पण पक्षी घाईघाईने किडे टिपतोय, अंग झटकतोय, पिसं सारखी करतोय, तर ती बहुधा उबवणीतून चार मिनिटं उठलेली मादी. तिच्यावरची नजर हलवायची नाही. परत जाताना तीच घरटं दाखवते.

अर्थात ती सरळ जात नाही. या फांदीवरून त्या फांदीवर, मग थांबणार, मान वळवून बघणार. आपण बसलेले दिसलो तर जाणारच नाही. चोचीत अळी धरून पक्षी पंधरा मिनिटं चिडचिड करत बसला असेल, तर आपण फार जवळ आहोत असा त्याचा सरळ अर्थ. अशा वेळी उठून मागे जायचं. हे कळायला मला जितका काळ लागला तितका लागायला नको होता.

गवताळ भागात पद्धत वेगळी. दोघांनी लांब दोराची दोन टोकं धरायची आणि दोर गवताच्या शेंड्यांवरून ओढत चालायचं. जिथून पक्षी फडफडत उठेल तिथे थांबून पायाखाली बघायचं. टिटवी यालाही दाद देत नाही. ती घरट्यावरून गुपचूप उठते, चालत दूर जाते आणि मग आरडाओरडा सुरू करते. ती जिथे ओरडते तिथे घरटं नसतं. काही जमिनीवर राहणारे पक्षी पंख मोडल्याचं सोंग करून आपल्याला भलतीकडेच नेतात. सोंग जितकं रंगात, तितकं घरटं जवळ, असा माझा ठोकताळा आहे.

अशा नुसत्या बसून बघण्यातूनही मोठ्या गोष्टी निघतात. सालिम अलींनी १९३० साली किहीमला सुगरणींची वसाहत पाहिली, ती याच चिकाटीने. नर अर्धवट घरटी विणून ठेवतो, मादी येऊन तपासणी करते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर ते पूर्ण करून दुसरं विणायला घेतो. घरट्याभोवतीचा हा सगळा व्यवहार त्यांनी रोजच्या नोंदींतून उलगडला.

घरटं सापडलं की त्याला क्रमांक मिळतो आणि जागेची नोंद होते. इथे एक कानमंत्र. ‘मोठ्या झुडपाच्या डावीकडे’ असं कधीही लिहू नये. दहा दिवसांनी प्रत्येक झुडूप मोठं दिसतं, आणि डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. जीपीएसचा आकडा काही मीटरने चुकतो आणि घरटं असतं मुठीएवढं, म्हणून शब्दांतलं वर्णनही लागतंच. खुणेची फीत बांधायची तर ती घरट्यापासून काही पावलं लांब, आणि फितीपासून घरटं कुठल्या दिशेला ते वहीत. घरट्यालाच फीत बांधणं म्हणजे शिकाऱ्याला पाटी लावून देणं.

बघायला जाणं, पण किती?

आपण बघायला गेलो की जे बघायचं तेच थोडं बदलतं. या कामाची ही खरी अडचण आहे.

पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला टाकून देते, ही समजूत घराघरांत आहे आणि ती जवळपास खोटी आहे. पक्षी वासावरून पिल्लू नाकारत नाहीत. घरटं सोडलं जातं ते वारंवार घाबरवल्यामुळे, आणि त्यातही घाबरवण्याची वेळ महत्त्वाची. घरटं बांधताना किंवा पहिली अंडी घालताना त्रास झाला तर पक्षी चटकन दुसरीकडे जातात, कारण अजून त्यांचं फारसं काही गुंतलेलं नसतं. दोन आठवडे उबवून झाल्यावर तीच मादी आपल्याला हातभर अंतरावर येऊ देते. म्हणून बांधकामाच्या काळात लांबूनच बघायचं, जवळ जायचं नाही.

फेऱ्या साधारण तीन-चार दिवसांनी. रोज गेलं तर माहिती बारीक मिळेल, पण पक्ष्याला त्रास होईल. आठवड्याने गेलं तर मधल्या काळात काय झालं हे ओळखणं मुश्कील. पावसात जायचं नाही, थंड पहाटे जायचं नाही, आणि उघड्यावरच्या घरट्यांपाशी भर उन्हात तर मुळीच नाही. थंडीची काळजी सगळ्यांना असते, उन्हाची कमी लोकांना. टिटवी दुपारी अंड्यांवर असते ती बऱ्याचदा ऊब द्यायला नाही, सावली धरायला. ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तिला उठवून आपण फोटो काढत बसलो, तर अंड्यातला जीव शिजू शकतो.

चालायचंही शिकावं लागतं. घरट्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत आलं, तर गवतात घरट्याशी संपणारी पायवाट तयार होते. तिचा माग मुंगूस काढू शकतं, कुत्राही. त्यामुळे घरट्यावरून पुढे निघून जायचं, जाताजाता डोकवायचं. उंचावरच्या घरट्यासाठी काठीला बांधलेला छोटा आरसा किंवा कॅमेरा पुरतो. कावळा बघत असेल तर थांबायचंच नाही. मधूनमधून ज्यात काहीच नाही अशा झुडपांशीही उगाच डोकावून घ्यायचं, म्हणजे बघणाऱ्याला आपल्या थांबण्यावरून काही शिकता येत नाही. हे जरा वेडगळ वाटतं, पण कावळ्याच्या हुशारीला कमी लेखण्यापेक्षा वेडगळ दिसणं बरं.

इतकं करून माणसाच्या भेटींनी घरटी जास्त लुटली जातात का? अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरसकट तसं दिसलं नाही. पण सरासरीवर विसंबून चालत नाही. समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीत माणूस शिरला की अंड्यांवर बसलेले पक्षी उडतात, आणि कुरव पक्षी उघडी पडलेली अंडी तेवढ्यात उचलतात. तिथे सावधगिरी वेगळी लागते.

सगळ्यात नाजूक काळ शेवटचा. उडायच्या दोन-तीन दिवस आधी पिल्लांना पिसं आलेली असतात, पण बळ नसतं. आपण जवळ गेलो की ती बाहेर उड्या टाकतात आणि परत घरट्यात बसत नाहीत. म्हणून या टप्प्यावर दुर्बिणीतूनच बघायचं, घरट्याला हात लावायचा नाही. घरट्याच्या फोटोसाठी फांद्या बाजूला बांधणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही; लिहिलं तर सभ्य भाषेत राहणार नाही.

अंड्याचं वय, पिल्लाचं वय

पुढचं सगळं गणित वयावर उभं आहे. अंडी घालायच्या काळातच घरटं सापडलं तर काम सोपं. बहुतेक छोटे पक्षी रोज एक अंडं घालतात. आज तीन आणि उद्या चार असतील, तर पहिलं अंडं कधी घातलं ते बोटांवर मोजता येतं. पण पूर्ण भरलेलं घरटं सापडलं तर?

जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणथळीच्या पक्ष्यांसाठी एक सुंदर युक्ती वापरतात. अंडं कोमट पाण्यात हलकेच सोडतात. कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात. उबवणीच्या काळात त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जात राहते आणि अंड्याचं वजन साधारण १५ टक्क्यांनी घटतं. गेलेल्या पाण्याची जागा रुंद टोकाकडची हवेची पोकळी घेते. म्हणून ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. काही दिवसांचं झालं की रुंद टोक वर उचललं जातं, मग अंडं तळाशी उभं राहतं, आणि शेवटच्या टप्प्यात वर तरंगतं. कोन बघून वयाचा अंदाज बांधायचा, अंडं टिपून परत ठेवायचं. दुसरा मार्ग म्हणजे अंड्यामागे छोटा दिवा धरणं. आत लाल शिरांचं जाळं, पुढे काळी सावली दिसते. सुरुवातीला नुसता पिवळा उजेड. हे सगळं प्रशिक्षण आणि परवानगी असलेल्यांनीच करायचं.

पिल्लांचं वय डोळे आणि पिसांवरून कळतं. डोळे मिटलेले की उघडे. पंखांवर पिसांच्या नळ्या नुसत्या कातडीखाली दिसतात, बाहेर आल्यात, की टोकं फुटून पीस उलगडायला लागलंय. छोट्या पिशवीत घालून वजन करतात, पायाची लांबी मोजतात. अंडी घालताघालताच उबवायला सुरुवात करणाऱ्या पक्ष्यांत, उदाहरणार्थ घुबडांत, एकाच घरट्यात लहानमोठी भावंडं असतात, आणि अन्न कमी पडलं की धाकटं मागे पडतं. वजनाच्या नोंदींत ते आधी दिसतं.

तारखांचं महत्त्व कळायला ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलाकडे बघावं. तिथे डेव्हिड लॅक या पक्षीशास्त्रज्ञांनी १९४७ साली ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. झाडांवर टांगलेल्या लाकडी पेट्यांत पक्षी घरटी करतात आणि दर हंगामात पहिल्या अंड्याची तारीख नोंदली जाते. १९६०च्या दशकाच्या तुलनेत ती तारीख आता साधारण दोन आठवडे अलीकडे आली आहे. वसंत लवकर येतो, ओकच्या पानांवरच्या अळ्या लवकर येतात, आणि पिल्लांची भूक त्याच दिवसांत पडावी यासाठी पक्षीही लवकर अंडी घालतात. दहाबारा वर्षांत अभ्यास गुंडाळला असता तर ही सरक नीट दिसलीच नसती.

साठ टक्के की अठ्ठावीस?

आता गणिताकडे येऊ. समजा हंगामात २० घरटी सापडली. त्यातल्या १२ घरट्यांतून निदान एक पिल्लू उडालं, ८ बुडाली. यश किती? साठ टक्के, असं कुणीही सांगेल. आणि ते चूक असेल.

शर्यतीच्या शेवटच्या वळणावर उभं राहून धावपटू मोजले तर जवळपास सगळेच शर्यत पुरी करतात असं वाटेल. जे पहिल्याच फेरीत बसले ते तुमच्यासमोर आलेच नाहीत. घरट्यांचंही तसंच. पहिल्या अंड्याच्या दिवशीच सापडलेली घरटी थोडी असतात. बरीचशी उबवणीच्या मध्यावर किंवा पिल्लं असताना सापडतात. जी घरटी तिसऱ्याच दिवशी साप किंवा कावळ्याने रिकामी केली, ती आपल्याला कधी दिसलीच नाहीत. आपल्या यादीत तगलेल्यांचाच भरणा.

यावरचा उपाय हॅरॉल्ड मेफिल्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली मांडला. ते व्यवसायाने पक्षीशास्त्रज्ञ नव्हते. मिशिगनमधल्या कर्टलंड्स वॉर्ब्लर या दुर्मीळ पक्ष्याचा अभ्यास त्यांनी हौसेने केला. त्यांचं म्हणणं इतकंच, की घरटी मोजू नका, दिवस मोजा. प्रत्येक घरटं तुम्ही किती दिवस पाहिलंत, त्या सगळ्यांची बेरीज करा. आपली २० घरटी मिळून १६० दिवस नजरेखाली होती असं धरू. त्या १६० दिवसांत ८ घरटी बुडाली. म्हणजे घरटं बुडण्याचा रोजचा धोका ५ टक्के, टिकण्याची रोजची शक्यता ९५ टक्के. पहिल्या अंड्यापासून पिल्लं उडेपर्यंत २५ दिवस लागत असतील तर घरट्याला हा रोजचा जुगार २५ वेळा लागोपाठ जिंकावा लागतो. ०.९५ ला स्वतःनेच २५ वेळा गुणा. उत्तर येतं ०.२८ च्या आसपास.

म्हणजे २८ टक्के. नोंदी त्याच, घरटी तीच, आणि आधी आपण साठ म्हणत होतो.

रोजचा धोका ५ टक्क्यांवरून २ वर आला तर? हाच हिशेब ६० टक्क्यांपर्यंत चढतो. दिवसागणिक छोटा वाटणारा फरक पंचवीस दिवसांत केवढा होतो, हे एकदा कागदावर करून बघण्यासारखं आहे.

या पद्धतीत एक गृहीत आहे, की धोका रोज सारखाच असतो. तसा तो नसतो. पिल्लं झाली की आईबापांच्या चकरा वाढतात, ओरडा वाढतो, आणि शिकाऱ्याला पत्ता मिळतो. म्हणून अंड्यांचा काळ आणि पिल्लांचा काळ वेगळा मोजतात. गेल्या वीसेक वर्षांत संगणकावर चालणारी अधिक बारीक प्रारूपं आली आहेत. त्यांत घरट्याचं वय, तारीख, झुडपाची दाटी हे सगळं धरता येतं. पण पाया दिवस मोजण्याचाच.

आणखी एक गोष्ट निसटते. २८ टक्के हे घरट्यांचं यश, जोडप्यांचं नव्हे. घरटं बुडालं की अनेक छोटे पक्षी काही दिवसांत नवं बांधतात, तेही बुडालं तर तिसरं. चार घरट्यांमागे एकच जोडी असू शकते. हे कळायला पक्षी ओळखू यावा लागतो, म्हणून पायात रंगीत कड्या घालतात: डावीकडे लालावर पिवळी, उजवीकडे निळी, असं प्रत्येकाचं वेगळं. शिवाय क्रमांकाची हलकी धातूची कडी. ही क्रमांकाची पद्धत डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सेन या शिक्षकाने १८९९ साली युरोपातल्या मैनांसारख्या पक्ष्यांवर, स्टार्लिंगवर, ॲल्युमिनियमच्या कड्या वापरून रूढ केली. एका कडीतून केवढं कळू शकतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे विस्डम नावाची लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची मादी. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर १९५६ साली तिच्या पायात कडी पडली, तीही अंड्यावर बसलेली असताना. २०२४ मध्ये तिने पुन्हा अंडं घातलं. तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

परत त्या झुडपापाशी

रिकाम्या घरट्याचा निकाल लावताना पहिला प्रश्न वहीला विचारायचा: शेवटच्या भेटीत पिल्लांचं वय काय होतं? बुलबुलाची पिल्लं १२ दिवसांच्या आसपास घरटं सोडतात. सोमवारी ती चार दिवसांची असती तर शुक्रवारी उडणं अशक्य, विषय संपला. आपली पिल्लं सोमवारी नऊ दिवसांची होती. शुक्रवारी तेरा. म्हणजे दोन्ही शक्य.

मग घरट्याकडे बघायचं. काठ दबून सपाट झालाय का, त्यावर विष्ठा आहे का? पिल्लं शेवटी काठावर बसून पंख झाडतात, त्याने वाटीचा आकार जातो. तळाशी कोंड्यासारखी पांढरी भुकटी आहे का? पिसांच्या नळ्या फुटतात तेव्हा ती पडते, त्यामुळे पिसं उलगडेपर्यंत पिल्लं जगली एवढं कळतं. उलट अस्तर उपसलेलं असेल तर काहीतरी हात घालून गेलंय. पण घरटं नीटनेटकं आहे म्हणून पिल्लं सुखरूप, हा तर्क फसवा आहे. साप काहीही न विस्कटता सगळं गिळून जातो.

घरट्यांवर कॅमेरे लागले तेव्हा खुणांवरून शिकारी ओळखण्याच्या जुन्या आत्मविश्वासाला चांगलाच तडा गेला. उत्तर अमेरिकेतल्या गवताळ भागात तर चक्क हरीण पिल्लं खाताना कॅमेऱ्यात सापडलं. कॅमेरा परवडत नसेल तिथे अंड्यांखाली बटणाएवढा तापमापक ठेवतात. मादी बसली की आकडा चढतो, उठली की उतरतो. तो रात्री दोन वाजता उतरला आणि परत चढलाच नाही, तर कावळ्यावरचा आळ निघून जातो.

आपल्या झुडपात कॅमेरा नव्हता, तापमापकही नव्हता. काठ दबलेला होता, एका बाजूला विष्ठेचे दोन ठिपके, तळाशी चिमूटभर पांढरा कोंडा. एवढ्यावर मी ‘उडाली’ लिहिलं नसतं. पण वीसेक पावलांवरच्या दाटीत एक बुलबुल चोचीत किडा धरून ओरडत होता, आणि आम्ही मागे सरकलो तसा तो खाली शिरला. वर आला तेव्हा चोच रिकामी होती. आत किती पिल्लं होती ते दिसलं नाही, आणि बघायला आत शिरायचं नव्हतं. वहीत लिहिलं: यशस्वी, किमान १.